मूळ नजर

शिट्टी वाजली. बारा जण आपापल्या दोरीच्या चौकटीत वाकले, ओळखायचं ते रोप त्यांना दिसलं, आणि मग बाराही जणांनी एकदम मान वर करून एकाच दिशेला बघितलं.

निलांबरी पाडावे सड्याच्या, गावाबाहेरच्या कातळी माळाच्या, चढावर यादी घेऊन उभी होती, म्हणून तिला ते सगळं एका दमात दिसलं. भाद्रपद चालू होता. काळ्या कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी आणि त्या पाण्याच्या कडेने सीतेची आसवं या फुलांची जांभळी दाटी. ज्या दिशेला माना वळल्या तिकडे ना पक्षी होता ना साप. तिकडे निळ्या प्लास्टिकच्या आडोशाला तिची साडेतीन वर्षांची मिहिका, म्हणजे मिकू, चिऱ्याच्या कपच्यांची चूल मांडून बसली होती.

एखाद-दुसरा क्षण. मग सगळे पुन्हा वाकले आणि वहीत लिहू लागले.

योगायोग असेल, म्हणून निलांबरीने त्यांना चौकटी बदलायला लावल्या आणि पुन्हा शिट्टी मारली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने मिकूला उचललं आणि पार दुसऱ्या टोकाला, करवंदीच्या जाळीपाशी नेऊन बसवलं. शिट्टी. बारा माना आधी निळ्या प्लास्टिककडे गेल्या, तिथे पोर नाही म्हटल्यावर भिरभिरल्या आणि जाळीपाशी येऊन थांबल्या. थांबल्यावर प्रत्येकाचे खांदे किंचित सैल पडले.

ते खांदे सैल पडणं निलांबरीने लगेच ओळखलं. ते तिचं स्वतःचं होतं.

हे सगळं सुरू झालं खोट्या फोटोंमुळे. गेल्या काही वर्षांत कुणीही घरबसल्या न पाहिलेल्या फुलाचा हुबेहूब फोटो बनवू लागला, न ओरडलेल्या पक्ष्याचा आवाजही बनवू लागला. कुठल्या माळावर काय उगवतं याच्या नोंदी इतक्या भेसळल्या की शेवटी नियमच आला: यंत्राने टिपलेलं काही चालणार नाही. जागेवर जाऊन, प्रशिक्षण घेतलेल्या किमान दहा गावकऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून सह्या केल्या, तरच ती जागा नोंदवहीत चढेल. साखरकोंडच्या सड्यावर चिरेखाण वाढवायचा अर्ज आलेला होता. कागदोपत्री सडा म्हणजे पडीक जमीन. ती पडीक नाही हे दाखवायला गावाला एकच मोजणी मिळणार होती, भाद्रपदातल्या शेवटच्या रविवारी.

सड्यावरची दीडशे प्रकारची रोपं ओळखणारी दहा माणसं तयार करायला एरवी दहा वर्षं लागली असती. डॉ. रुबीना परकार यांनी पाच आठवडे मागितले.

त्यांचं यंत्र म्हणजे एक टोपी. कानांवरून खाली येणारी, हनुवटीखाली बंद बांधायची. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव टोपडं ठेवलं. टोपड्याच्या आतून मंद प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूत कुठे रक्त जास्त धावतंय ते टिपून परत येतो. जोडीला विजेच्या बारीक लहरी मोजणारी बटणं असतात. जाणकार माणसाला एखादं रोप ओळखू येतं तेव्हा नाव ओठांवर यायच्या आधीच, अर्ध्या सेकंदात, मेंदूत एक ठरावीक आकृती उमटते. ती साठवून ठेवायची. मग शिकाऊ माणसाच्या डोक्यावर टोपडं चढवायचं, समोर पडद्यावर एक हिरवं वर्तुळ दाखवायचं आणि एवढंच सांगायचं, की हे मोठं करा.

"कसं करू?" निवृत्त एसटी कंडक्टर मेस्त्रीकाकांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"ते मलाही सांगता येणार नाही, काका," रुबीना मॅडम म्हणाल्या होत्या. "सायकलवर तोल कसा सापडला ते सांगता येईल का तुम्हाला? मन हलवून बघा. मूळ आकृतीच्या जवळ गेलात की वर्तुळ फुगेल."

दहा बैठकांनंतर मेस्त्रीकाका सड्यावर गेले आणि जिथे आयुष्यभर त्यांना नुसतं गवत दिसलं होतं तिथे सात प्रकारची रोपं वेगवेगळी दिसू लागली. ते खाली बसले आणि हसायला लागले. थांबेचनात.

ज्या माणसाची आकृती घ्यायची त्याला मूळ नजर म्हणायचं. साखरकोंडच्या सड्याची मूळ नजर निलांबरी होती. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी, आणि त्यानंतर दर पावसाळ्यात गुडघे कातळावर टेकून, भिंग डोळ्याला लावून घालवलेली नऊ वर्षं. मिकू झाल्यावर नोकरी सुटली, पीएचडी राहिली, नवरा प्रसन्न लोटे गावच्या कारखान्यातून शनिवारी यायचा तेवढाच. 'मूळ नजर' हे शब्द कागदावर वाचले तेव्हा तिला वाटलं होतं, आपलं काहीतरी राहिलंय अजून.

पण देणं वेगळं आणि दिलेलं दुसऱ्याच्या अंगावर मिरवताना बघणं वेगळं. काकांचं ते हसणं तिला टोचलं होतं. नऊ वर्षं आणि दहा बैठका! तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली, की फुलंच तर गेली.

आता कळत होतं, फुलांबरोबर आणखी काय गेलं ते.

मूळ नजरेच्या नोंदीच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं: नोंदीच्या वेळी सोबत कुणी नको, फोन नको, मन दुसरीकडे जाईल असं काहीही नको. टोपडं घालून चार दिवस एकटीने सड्यावर फिरायचं. नेमकं श्रावणातल्या त्याच आठवड्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि अंगणवाडीच्या बाई रजेवर गेल्या. मिकूला कुणाकडे ठेवायचं? शेजारी ठेवता आलं असतं. पण निलांबरीला ते जमत नसे. दुसऱ्याच्या घरात विळी कुठे असते, विहिरीला कठडा आहे का, हे तिला बसल्या जागी दिसत राही. तिने हातात बिस्किटांचा पुडा देऊन पोरीला बरोबर नेलं. कुणाला सांगितलं नाही. सड्याच्या पूर्वेला जुनी चिरेखाण, पुरुषभर पाण्याने भरलेली. एक फूल दिसलं की नजर वर. मिकू कुठाय? आहे. पुढचं फूल. मिकू कुठाय? चार दिवसांत साडेतीन हजार वेळा.

"मन कुठे दुसरीकडे नव्हतं ना?" रोज संध्याकाळी मॅडम विचारायच्या.

"छे," असं तिने चारही दिवस सांगितलं.

*

सुगंधा ही निलांबरीची चुलत जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी. पडवीत शिवणयंत्र, यंत्राशेजारी रेडिओ, आणि त्या दोन्हींच्या वर चढणारा तिचा आवाज. दहावीपर्यंत शिकलेली. बारा जणांत तिचं वर्तुळ सगळ्यात लवकर मोठं झालं होतं, हे मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलेलं निलांबरी विसरली नव्हती.

"काय गो निलू," कुंपणापलीकडून सुगंधाने हाक मारली, "मिकूचा डावा कान बघ जरा. सकाळपासून तीनदा हात गेला तिचा."

"काही नाही झालेलं कानाला."

"बघ तर खरी."

कान आतून लाल होता. निलांबरी डॉक्टरांकडे जाऊन औषध घेऊन आली. मिकूच्या कानाला झालेलं तिला दिसलं नाही आणि कुंपणापलीकडे बसून ब्लाउज शिवणाऱ्या बाईला दिसलं.

आणि मग ते रोजचंच झालं. मिकूचा बूट उलटा घातलाय हे पोस्टातून येणाऱ्या, बारांतल्याच पाटणेबाईंना दिसायचं. मिकूच्या ताटातल्या माशाला काटा राहिलाय हे बाहेरच्या ओट्यावरून मेस्त्रीकाकांना दिसायचं.

"तुझी पोर समोर असली की माझं चित्त थाऱ्यावर नसतं बघ," काका एकदा म्हणाले. "तीस वर्षं घंटी मारली, रोज शंभर माणसं चढवली-उतरवली. एखादा लटकत राहिला तरी मी म्हणायचो, आत सरका. पण अशी काळजी कधी कुणाची केली नाय. म्हातारपण म्हणायचं आणि काय!"

लोकांना ते गोड वाटत होतं. "नशीबवान हो तुमची मिकू," अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "गावभर आया आहेत तिला." निलांबरी हसली आणि घरी येऊन तिने कणिक इतकी जोराने मळली की परात ओट्यावरून सरकली.

गावभर आया. आणि मग मी कोण?

मिकूवर कुणी प्रेम केलं असतं, तिला खाऊ दिला असता, कडेवर घेतलं असतं, तर निलांबरीने सोसलं असतं. पण हे प्रेम नव्हतं. तिच्या छातीतली ती बारीक ओढ, सतत ताणलेली, जिच्यामुळे ती चांगली आई आहे असं तिला आतल्या आत वाटायचं, ती ओढ आता बारा जणांकडे होती. त्यांनी ती कमावलेली नव्हती. बाळंतपण नाही, जागरणं नाहीत, पहिल्या तापातली ती धावपळ नाही. वर्तुळ मोठं करा म्हटलं, त्यांनी केलं.

सुगंधाचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा, कारण मिकू सुगंधाकडे आपण होऊन जायची. यंत्राच्या खालच्या चिंध्या गोळा करत बसायची. सुगंधा शिवता शिवता सव्वा मिनिटाला एकदा मान वळवायची. निलांबरीने घड्याळ लावून मोजलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

एका दुपारी ती पडवीत जाऊन उभी राहिली.

"सुगंधाताई, तुम्ही तिच्याकडे सारखं सारखं बघत जाऊ नका."

"म्हणजे?" सुगंधाने यंत्र थांबवलं. "डोळे बांधून शिवू?"

"थट्टा नको. मला नाही आवडत."

"अगो, बघितलं म्हणून पोर झिजते की काय?"

"ती माझी पोर आहे, ताई."

"मग मी काय बाजारात नेऊन विकतेय?" सुगंधा हसली. समोरून हसू आलं नाही तेव्हा तिचंही मावळलं. "बरं बाई. ने तुझी पोर. पण एक सांग, तुला झालंय तरी काय? पंधरा दिवस खिडकीतून माझ्यावर पाळत ठेवून आहेस. मला दिसत नाही वाटतं?"

निलांबरीने मिकूला उचललं. मिकूने चिंध्यांसकट भोकाड पसरलं.

*

रुबीना मॅडमनी गावातल्या जुन्या शाळेच्या एका खोलीत टोपडी, पडदे आणि स्वतःची खाट मांडली होती. निलांबरी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथे गेली.

"मला माझी मूळ नजर परत घ्यायची आहे. करारात तसा हक्क आहे."

मॅडम चहा ओतत होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली. "हक्क आहे. तीन उलट्या बैठका घ्याव्या लागतील प्रत्येकाच्या. आकृतीपासून लांब गेलं की वर्तुळ मोठं. पण निलांबरीताई, रविवार सहा दिवसांवर आलाय. बारा जण पुसले तर मोजणीला कोण? तुम्ही एकट्या?"

"मी एकटी पूर्वी ओळखतच होते की."



"कारण सांगाल?"

"वैयक्तिक आहे."

मॅडमनी पडदा चालू केला. "मग मी एक दाखवते. तुम्ही येण्याआधीपासून मी याच कोड्यात आहे." पडद्यावर एक रेघ होती, एक टोकदार उंचवटा आणि त्याच्या मागोमाग दुसरा. "पहिला उंचवटा म्हणजे ओळख. हा सगळ्याच जाणकारांत असतो. हा दुसरा, पाऊण सेकंदाने येणारा, मी जगात कुणाच्या नोंदीत बघितला नाही. मला वाटलं तुमची विशेष हातोटी असेल, म्हणून ठेवला. बाराही जणांत तो जसाच्या तसा उतरलाय. काय आहे हा?"

निलांबरीने पडद्यावरून नजर काढली.

"आज पुन्हा नोंद घेऊ? दहा मिनिटं?"

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. टोपडं चढलं, हनुवटीखाली बंद बांधला गेला, आणि पडद्यावर सड्यावरच्या रोपांची चित्रं सरकू लागली. दवबिंदू. आभाळी. तेरडा. निलांबरीने ठरवलं होतं, मिकूचा विचार करायचा नाही. मिकू घरी सासूबाईंजवळ सुखरूप होती, त्यामुळे ते सोपंच होतं. चित्रं संपली.

मॅडमनी रेघ दाखवली. पहिला उंचवटा होता. दुसराही होता, पूर्वीपेक्षा उंच. पण आकार पार वेगळा होता; शेजारी ठेवल्यावर शेंबड्या पोरालाही कळावं इतका वेगळा.

"ओळख झाली की तुमचं मन अजूनही कुठेतरी जातंय," मॅडम म्हणाल्या. "पण आता ते जिथे पूर्वी जायचं तिथे जात नाही. कुठे जातंय?"

निलांबरीला कुठे ते माहीत होतं. चित्रात आभाळी आली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे शिवणयंत्राची पडवी आली होती. दवबिंदू आला तेव्हा सुगंधाची वळणारी मान. दहा मिनिटांत मिकू एकदाही आली नव्हती.

डावा कान आपल्याला का दिसला नाही, ते तिला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. तिचं लक्ष मिकूच्या कानावर नव्हतं. ते मिकूकडे बघणाऱ्या बाईवर होतं.

तिने सगळं सांगितलं. श्रावणातले चार दिवस, बिस्किटांचा पुडा, चिरेखाणीतलं पाणी, चार वेळा म्हटलेलं 'छे'.

मॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या रागावल्याच, पण आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "बारा माणसांच्या डोक्यात तुम्ही त्यांना न विचारता काहीतरी ठेवलंत. मीही ठेवलं, कारण कोडं सुटत नसताना मी पुढे गेले. पण आता परत घेणं हा तुमचा एकटीचा प्रश्न नाही राहिला. त्यांना सांगावं लागेल. आज."

"सांगितलं आणि त्यांनी आजच पुसा म्हटलं तर?"

"तर पुसायचं."

"आणि सडा?"

"तो प्रश्न तुम्ही दारातून आत येताना नव्हता विचारला," मॅडम म्हणाल्या.

*

शाळेच्या बाकांवर बारा जण बसले. निलांबरी फळ्यापुढे उभी राहून बोलली, आणि बोलताना खाली फरशीकडे बघत राहिली. दोन उंचवटे वेगळे काढता येत नाहीत, हेही मॅडमनी समजावलं. फूल आणि भीती एकाच गाठीत बसली आहेत, एक पुसलं की दुसरं जाणार.



"म्हणजे ते म्हातारपण नव्हतं," मेस्त्रीकाका म्हणाले. "बरं झालं बाय. मी हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो."

दोघं-तिघं हसले. पाटणेबाई हसल्या नाहीत. "आम्हाला विचारायला पाहिजे होतंत," त्या म्हणाल्या. "मी पोस्टात पत्रं वेगळी करताना मध्येच उठून दारात जाऊन उभी राहते. का उठले ते कळत नाही. वेड लागतंय असं वाटलं मला."

"चुकलं माझं."

"चुकलं तर आहेच."

सुगंधा मागच्या बाकावरून उठून पुढे आली. निलांबरीला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर काढणार, पडवीतलं, खिडकीतलं.

"निलू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा रेडिओच्या वर चढणारा नव्हता, "हे असं असतं तुझ्या आत? रोज?"

"काय?"

"हेच गो. फूल बघावं, बरं वाटावं, आणि पुढच्या क्षणी पोटात खड्डा पडावा. पोर कुठाय. दिसली की सुटले, आणि परत तेच. दिवसभर. मला महिनाभर नीट जेवण गेलं नाही. मी म्हटलं जाऊन बघावं तर पोर चिंध्यांशी खेळतेय आणि मी घामाने भिजलेय." तिने पदराने तोंड पुसलं. "आणि तुला वाटलं मी तुझी पोर पळवतेय! अगो, ही भीती तू कशी सांभाळतेस? मी माझा तुषार वाढवला, मला एक दिवस असं झालं नाही. तो त्याच खाणीत पोहायला शिकला, मी वर भात लावत होते."

निलांबरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या पाण्याखालीही मत्सर होताच. तो फक्त जागा बदलून बसला. एक दिवस असं झालं नाही. एक पोर वाढवलं आणि एक दिवसही नाही! तिला सुगंधाचा इतका हेवा त्या पंधरा दिवसांत कधी वाटला नव्हता.

"पुसायचं का आज?" मॅडमनी विचारलं. "ज्यांना हवं त्यांनी हात वर करा."

पाटणेबाईंचा हात वर गेला, आणि मागच्या एका तरुणाचा. बाकीचे दहा जण एकमेकांकडे बघत राहिले.

"सोमवारी पुसा," मेस्त्रीकाका म्हणाले. "सहा दिवस तर सहा दिवस. एवढी वर्षं हिने एकटीने काढली ना!"

दहा म्हणजे बरोबर दहा. एकालाही ताप येऊन चालणार नव्हता.

*

ताप कुणाला आला नाही. रविवारी सरकारी निरीक्षक चौकटींमधून फिरले, दहा जणांनी एकशे एकेचाळीस प्रकारची रोपं दाखवली, सह्या केल्या. दर शिट्टीला दहा माना निळ्या प्लास्टिककडे वळत होत्या. निरीक्षकांनी दोनदा विचारलं, तिकडे काय आहे. "पोरगी आहे," मेस्त्रीकाका म्हणाले, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. महिन्याभराने सडा नोंदवहीत चढला आणि खाणीचा अर्ज फेटाळला गेला.

सोमवारपासून उलट्या बैठका सुरू झाल्या. एकेक जण टोपडं काढून बाहेर यायचा आणि मोठा श्वास घ्यायचा. मॅडम आश्विनात नवी, स्वच्छ नोंद घेणार होत्या, मिकूला घरी ठेवून, आणि सगळ्यांना पुन्हा शिकवणार होत्या. काकांनी बैठकीनंतर सड्यावर चक्कर मारली आणि येऊन सांगितलं, "गवत झालं बघ परत सगळं." तेवढं म्हणून ते मान खाली घालून घरी गेले.

सुगंधा शेवटची होती. ती खोलीत गेलीच नाही. व्हरांड्यात निलांबरीशेजारी येऊन बसली.

"माझं राहू देशील?"

"कशाला? जेवण जात नाही म्हणालीस."

निलांबरीने पहिल्यांदाच तिला अगं-तुगं केलं होतं. दोघींच्याही ते लक्षात आलं.

"नाही जात. पण तुषार आता कोल्हापूरला. त्याला वळून बघायचं तेव्हा मी बघितलं नाही. काही झालं नाही, ते त्याचं नशीब. परवा फोनवर त्याचा आवाज बसलेला वाटला, तर मी विचारलं, गार पाण्याने अंघोळ करतोस का रे. तो म्हणाला, आई, तू कधीपासून असलं विचारायला लागलीस." सुगंधा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "फुलांसाठी नाही मागत मी. फुलं मॅडम परत देतील."

करारात कलम होतं, मूळ नजरेच्या सहीशिवाय कुणाला काही ठेवता येत नाही. कागद निलांबरीच्या मांडीवर होता. आत मॅडम वाट बघत होत्या. एक सही केली नाही की झालं. ओढ पुन्हा तिची एकटीची. मिकू बूट उलटा घालेल आणि ते फक्त आईला दिसेल. तिला ते इतकं हवंसं वाटलं की तिने पेनाचं टोपण परत लावलं.

"पण तू तिच्याकडेही बघशील," ती म्हणाली.

"बघणारच. ते काय माझ्या हातात आहे? मन तुझं आहे ते."

"माझ्याआधी बघशील."

"कधीकधी," सुगंधा खरं ते बोलली.

 निलांबरीने टोपण काढलं आणि सही केली, दाबून, कागदाला खालून वळ उठेल इतकी.

*

नव्या नोंदीच्या आदल्या दिवशी सड्यावर काय उरलंय ते बघायला दोघी जावा गेल्या. मिकू बरोबर होती. पाणी आटत आलं होतं, सीतेची आसवं संपली होती, खळग्यांच्या कडेने गेंदाची पांढऱ्या बटणांसारखी फुलं दाटली होती. निलांबरी गुडघ्यांवर बसली. गेंद. ओळखला. पाऊण सेकंद, आणि मान वर जाऊ लागली.

सुगंधाची मान आधीच वळलेली होती. तिचे खांदे सैल पडले. पोर ठीक होती.

निलांबरीच्या छातीत ती ओळखीची सुई गेली. माझ्याआधी. मग बघ तर बघ, असं मनातल्या मनात म्हणून तिने रागाने मान पुन्हा खाली घातली आणि मुद्दाम तशीच ठेवली. पाऊण सेकंद गेला. पाच गेले. दहा. एका फुलाकडे इतका वेळ तिने गेल्या साडेतीन वर्षांत बघितलं नव्हतं. भिंग काढलं.

बटणासारख्या त्या डोक्यांत कणाएवढे परागकोश होते. काळे. शेजारच्या देठावरचे मात्र पांढरे. तिला वाटलं, हे कोवळे असतील. तिने आणखी चार देठ बघितले. पानं वेगळी, टोकं वेगळी. एकाच झुपक्यात दोन निरनिराळे गेंद मिसळून उगवले होते आणि तिने आजवर त्यांना एकच मानलं होतं. तिने मानलं म्हणून बारा जणांनी मानलं. सरकारी नोंदवहीत एकशे एकेचाळीस लिहिलेलं होतं आणि ते चुकलेलं होतं, मूळ नजरेपासूनच चुकलेलं.

"काय गो, काय सापडलं?" सुगंधा येऊन शेजारी वाकली. तिने झुपक्याकडे बघितलं. "गेंद आहे की."

"नीट बघ."

"बघितला. गेंदच आहे." आणि सुगंधाची मान वळली, मिकूकडे.

तिला ते दिसणार नव्हतं. तिची नजर निलांबरीची जुनी नजर होती, तिला एकच गेंद ठाऊक होता. या क्षणी, या सगळ्या सड्यावर, हे दुसरं फूल एकट्या निलांबरीला दिसत होतं. तिला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

तिने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. काळे, पांढरे. काळे, पांढरे. मागे मिकू काहीतरी मोठमोठ्याने गात होती आणि कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. निलांबरीने आधी पोटभर बघून घेतलं. मग भिंग पुढे करून म्हणाली, "ये इकडे, सुगंधा. दाखवते."